हात लावायचा नाही

आठच्या आठ जण नापास झाले, आणि कहर म्हणजे एकमेकांना मदत करून नापास झाले.

उल्हास खरोटे कितीतरी वर्षं कुवेतमध्ये परांची बांधायला शिकवत होता. वाकलेले पाइप त्यानं पाहिले होते, परीक्षेच्या सकाळी पोटात कळ आली म्हणून संडासात जाऊन बसलेले गडी पाहिले होते, उंचीवर गेल्यावर आईचं नाव घेणारे पैलवान पाहिले होते. पण असलं काही बापजन्मात पाहिलं नव्हतं. कुवेतच्या राई भागातल्या गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो कपाळाला हात लावून उभा राहिला, आणि आता आपल्याच्यानं हे होत नाही, असं त्याला त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं.

झालं ते असं. उल्हासची कंपनी रिफायनरीत बांधकामाची कामं घेते. तिथं इमारत असो की टाकी, आधी परांची बांधावी लागते, म्हणजे पाइपांचा सांगाडा आणि त्यावर माणसं उभी राहतील अशा फळ्या. ती बांधणाऱ्याकडे परीक्षा पास झाल्याचं कार्ड हवं. कार्डाशिवाय फाटकातून मुंगीसुद्धा आत जात नाही. एजंटांनी आणलेल्या माणसांना उल्हास कंटाळला होता. पैसे भरून आलेला माणूस पाना कुठल्या बाजूनं धरायचा हेही विचारायचा. म्हणून गेल्या दिवाळीला नाशिकला गेला असताना तो पुढे धडगावला जाऊन आला. सातपुड्यात आदिवासी तरुणांना नोकरीआधी बांधकामाची कामं शिकवणारं एक केंद्र चालतं असं त्यानं ऐकलं होतं. तिथून त्यानं पावरा जमातीचे आठ गडी निवडले, मॅनेजर मजीदच्या मागे लागून त्यांना कुवेतला आणलं, आणि आता नोकरीवर घेण्याआधीचं शेवटचं शिक्षण त्यांना या शेडमध्ये तो स्वतः देत होता. पास झाला तर कार्ड, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, आणि साइट. नापास झाला तर विमानात बसून परत.

परीक्षा एकेकट्याची. प्रत्येकाला चार उभे पाइप, आडवे पाइप, क्लॅम्प, फळ्या, शिडी. ज्यानं त्यानं आपला सांगाडा ठरल्या वेळात उभा करायचा. खरं तर साइटवर एकट्यानं परांची कुणी बांधत नाही, बांधूच नये. पण परीक्षा घेणाऱ्यांना कुणाला काय येतं ते कळायला हवं ना, म्हणून एकेकट्याची.

जयप्रकाश पावरा सगळ्यात आधी मोकळा झाला. काम असं झालं होतं की ओळंबा सोडून बघावं. बाहेरच्या एजन्सीचा परीक्षक यूनुस, मंगळूरकडचा शांत माणूस, खुशीनं मान हलवत होता. मग जयप्रकाशनं हात पुसले, पाना पट्ट्यात खोचला आणि सरळ शेजारी जाऊन मागे पडलेल्या सायसिंगच्या सांगाड्याचा आडवा पाइप धरला. दुसरा मोकळा झाला, तोही तिकडे गेला. मग तिसरा. अर्धवट राहिलेलेही स्वतःचं टाकून आले. यूनुस तोंड उघडं टाकून बघत राहिला. सायसिंगची परांची बघता बघता उभी राहिली, सगळ्या शेडमध्ये उत्तम, आणि सगळे तिच्याकडे समाधानानं पाहत उभे राहिले.

"ये क्या है, खरोटे साहब?" यूनुसनं विचारलं.

आणि त्यानं आठही जणांच्या नावापुढे फुली मारली.

यूनुस गेल्यावर उल्हास जयप्रकाशवर भडकला. "अरे, परीक्षा होती ती. तुझं झालं होतं ना? मग गप उभं राहायचं सोडून तिकडे कशाला तडमडलास?"

जयप्रकाश म्हणाला, "सर, माझं झालं होतं. त्याचं राहिलं होतं."

"मग?"

"मग काय, सर?"

त्याला प्रश्नच कळला नव्हता. तो उद्धटपणा करत नव्हता, हे उल्हासला दिसत होतं, आणि म्हणूनच त्याचा राग जागच्या जागी विझला. कारण तो स्वतः धडगावच्या वरच्या पाड्यावर हे बघून आला होता. तिथं एकाचं घर बांधायचं होतं, तर सगळा पाडा आपापली कामं टाकून आला होता. कुणी खांब धरतोय, कुणी कुडाला माती लिंपतोय. मजुरी कुणाला नाही. घरमालकानं सगळ्यांना जेवू घालायचं, बस. लाहा म्हणतात त्याला. आज तुझं, उद्या माझं. शेजाऱ्याचं काम अडलेलं असताना जो आपलं आटोपून हातावर हात धरून बसतो, त्याला तिथं माणसात धरत नाहीत. उल्हासला तेव्हा ते फार आवडलं होतं. फोटो काढून त्यानं बायकोला पाठवला होता, खाली लिहिलं होतं, बघ, माणसं अशी असतात.

मजीदनं एवढं केलं की दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा परीक्षा मागून घेतली. "एक चान्स और, उसके बाद खलास," तो फोनवर म्हणाला. "जो पास, वो रहेगा. बाकी का टिकट. और ये लोग नहीं चले, तो उधर से दूसरा आदमी नहीं आएगा." त्याचाही इलाज नव्हता, वरचे त्याच्या डोक्यावर बसले होते.

म्हणजे आता परांची शिकवायची नव्हती. ती त्यांना येत होती. शिकवायचं होतं ते हे, की शेजाऱ्याचं राहिलं तर राहू द्यायचं.

उल्हासनं शेडच्या एका भिंतीजवळ जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ मारली. आपलं झालं की पाना खाली ठेवायचा, रेघेवर जाऊन उभं राहायचं, हात पाठीमागे. बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. शेजारी पडला तरी हलायचं नाही, मी आहे, परीक्षक आहे. त्यानं हे मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, जयप्रकाशकडून पावरीत वदवून घेतलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि सरावाला सायसिंगच्या हातून क्लॅम्प निसटला तेव्हा सगळे रेघ सोडून धावले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्यानं नियम केला. जो हलेल, त्यानं आपली परांची उतरवायची आणि पहिल्यापासून बांधायची. मे महिना, वर पत्रा, कूलर नुसता घरघर करणारा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा बांधली. दुसऱ्या दिवशी बहुतेकांनी बांधली. उल्हास मुद्दाम सायसिंगच्या पाइपाला धक्का द्यायचा, फळी सरकवायचा, आणि रेघेकडे बघत राहायचा, कोण हलतंय. त्याला स्वतःचीच शिसारी यायची. पण करतो काय? हा हट्टीपणा मोडला नाही तर सगळेच घरी जाणार होते.

संध्याकाळी फिंतासला घरी यायला त्याला गाडीत तास निघायचा. दिवसभर उभं राहून गुडघा सुजलेला असायचा. वासंती, त्याची बायको, जाब्रियाच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये होती, ती आधीच येऊन कुकर लावून बसलेली असायची.

"आज काय शिकवलंत?" तिनं एकदा विचारलं.

"उभं राहायला."

"एवढी वर्षं परदेशात राहून हे शिकवायला लागलात? आपल्याकडे अपघात झाला की लोक आपोआप उभे राहतात बघत. त्यांना कोण शिकवतं?"

तिची ही सवय होती, गंमत करता करता कोपरखळी मारायची. एरवी तो हसला असता. त्या दिवशी त्यानं गुडघ्याला बर्फ लावला आणि वरण-भात जेवला. हे वर्ष संपलं की करार संपत होता. पुढे वाढवायचा नाही, असं दोघांचं ठरलं होतं. जाता जाता एक काम मनासारखं व्हावं एवढीच त्याची इच्छा होती, आणि ते काम हे होतं.

सगळी भीती होती ती सायसिंगची. तो सगळ्यांत वयानं मोठा, पस्तिशीकडे आलेला. कामाला वाईट नव्हता, पण त्याच्या उजव्या हाताचा अंगठा वाकत नव्हता. गुजरातेत ऊसतोडीला असताना कोयता लागला होता, आणि तिथं कोण टाके घालतंय. चिंधी बांधून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात उतरला होता. आता पाना आवळताना त्याला मनगट फिरवावं लागायचं, आणि एकेका क्लॅम्पला वेळ जायचा. पहिल्या परीक्षेत सगळे त्याच्याकडे धावले ते उगाच नाही.

उल्हासनं त्याला डाव्या हातानं आवळायला लावलं. बाकीचे बसमध्ये जाऊन बसले तरी तो सायसिंगला थांबवून घ्यायचा. पाना मनगटाला दोरीनं बांधून बघितला, पण दोरी क्लॅम्पात अडकायची, ते सोडून दिलं. हळूहळू डावा हात बसत गेला. आठवडाभरानं सायसिंग वेळेच्या जवळ आला. एकदा तर वेळेतच झालं, तेव्हा तो वर फळीवर बसून राहिला, खाली उतरेचना.

"उतर की रे, बस निघेल," उल्हास म्हणाला.

"सर, माझी पोरं यंदा घरी आहेत," तो वरूनच म्हणाला. "दरसाल आमच्याबरोबर ऊसतोडीला यायची. शाळा अर्धी सुटायची. यंदा बायको म्हणाली, तू जा तिकडे, मी पोरांना घेऊन घरीच राहते. पोरगी आता वाचते, फोनवर वाचून दाखवते मला." त्यानं पाना पट्ट्यात खोचला. "मी परत गेलो तर दिवाळीनंतर पुन्हा सगळे फडावर."

"नाही जायचास परत," उल्हास म्हणाला. "होईल तुझं."

असं बोलू नये, हे शिकवणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत असतं. पण बोलून गेला.

आणि रेघेवरचे बाकीचे? तेही शिकले. आधी पाय हलायचे, मग नुसते हात हलायचे, मग नुसती मान वळायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी उल्हासनं सायसिंगची आख्खी फळी खाली ढकलली. धाडकन आवाज झाला. रेघेवर कुणी पापणी हलवली नाही. सातही जण भिंतीकडे तोंड करून उभे, हात पाठीमागे. जिंकलो, असं वाटायला हवं होतं. उल्हासला त्या सात पाठी बघून घरी जाऊन झोपावंसं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी यूनुस सकाळीच आला. कोपऱ्यात त्याचा कॅमेरा लागला, शिट्टी झाली. पोरांनी काम असं केलं की उल्हासचा ऊर भरून आला. जयप्रकाश पुन्हा पहिला. त्यानं पाना खाली ठेवला आणि रेघेवर जाऊन उभा राहिला. मग दुसरा आला, तिसरा आला. यूनुस प्रत्येकाची फळी हलवून बघत होता, पाणसळ लावून पातळी बघत होता, खुणा करत होता. शेवटी सातजण रेघेवर आणि एकटा सायसिंग वर.

आणि सायसिंगचं छान चाललं होतं. फळ्या बसल्या, कठडा बसला. शिडीचा खालचा क्लॅम्प बसला. राहिला फक्त वरचा, आणि वेळ होता. फार नव्हता, पण होता. उल्हासनं घड्याळ बघितलं आणि पहिल्यांदाच नीट श्वास घेतला.

तेवढ्यात पाना निसटला. सायसिंगच्या डाव्या हाताला घाम होता, बाकी काही नाही. पाना फळीवर आपटला, खाली आला आणि घसरत घसरत पिवळ्या रेघेपर्यंत गेला, जयप्रकाशच्या टाचेपाशी.

जयप्रकाशनं तो ऐकला. त्याच्या पाठीमागे बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट आवळली गेली, हे उल्हासला दिसलं. यूनुसही तिकडेच बघत होता. जयप्रकाशनं वाकून पाना उचलून वर दिला असता तर सायसिंगचं वेळेत झालं असतं. तो वाकला नाही. बाकीचेही वाकले नाहीत. उल्हास स्वतः चार पावलांवर होता. तोही जागचा हलला नाही.

सायसिंग खाली उतरला. रेघेपर्यंत आला, जयप्रकाशच्या पायाजवळून पाना उचलला, परत गेला, वर चढला. क्लॅम्प पाइपाला लावला, नट फिरवायला घेतला, आणि शिट्टी वाजली.

यूनुसनं कागदावर वेळ लिहिली. मग तो उल्हासजवळ आला आणि मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खरोटे साहब, गिरा हुआ औजार तो कोई भी उठाके दे सकता था. उसमें क्या है? साइट पे नीचेवाला आदमी नहीं देगा तो कौन देगा? मैं तो इंतजार कर रहा था."

उल्हास पुढे झाला. "मग आता घे ना पास करून," तो मराठीतच बोलला, मग सावरून हिंदीत म्हणाला, की चूक माझी आहे, मीच यांना सांगितलं होतं, हलायचं नाही म्हणून. एक क्लॅम्प तर राहिलाय. यूनुसनं कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्याला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटून कार्ड मिळत नाही. सात पास, एक नापास.

रेघेवर जयप्रकाश वळला होता. यूनुसचं सगळं बोलणं त्यानं ऐकलं होतं, हिंदी त्याला चांगली येत होती. तो उल्हासकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. उल्हासनं मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

यूनुस गेला. मजीदचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. सात म्हणजे उत्तम, वरचे खूश, पुढच्या तुकडीला मंजुरी मिळाल्यात जमा, आणि "जैसे इनको सिखाया, वैसे ही सिखाना." उल्हास हूं म्हणाला आणि फोन ठेवला.

परीक्षा झाली की परांच्या उतरवून पाइप जागेवर लावायचे असतात. सायसिंगनं कुणाची वाट पाहिली नाही. तो वर चढला आणि एकटाच फळी सोडवू लागला. लांब फळी एकट्यानं उतरवणं अवघड, ती एका बाजूनं झुकत होती आणि तो ती छातीशी धरून उभा होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. घरी काय सांगायचं याचा विचार करत असेल. आणि रेघेवर सातजण अजून तसेच, हात पाठीमागे.

उल्हास लंगडत तिकडे गेला. "अरे, जा की. बघताय काय?"

जयप्रकाशनं विचारलं, "सर, परीक्षा संपली?"

"संपली."

"मग आता हात लावला तर चालेल?"

दोन आठवडे उल्हासला हेच हवं होतं, की या माणसानं मदतीला धावण्याआधी विचारावं. "चालेल," तो म्हणाला.

मग ते गेले. एकानं फळीचं खालचं टोक धरलं, पण उतरवली नाही, परत जागेवर सरकवली. जयप्रकाश शिडीनं वर चढला. सायसिंग बाजूला झाला. जयप्रकाशनं त्याच्या हातातून पाना घेतला आणि शिडीचा वरचा क्लॅम्प आवळू लागला, तोच, जो राहून गेला होता.

"अरे, तो कशाला आता?" उल्हास खालून म्हणाला. "सगळं उतरवायचंच आहे."

"राहिलं होतं, सर," जयप्रकाश म्हणाला, आणि नट पूर्ण बसेपर्यंत पाना फिरवत राहिला.